फाटकातला ब्रेक

प्रिय दिपाली,

हे पाकीट फोडण्याआधी तू दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असशील. सासूचं पत्र! घरात सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना म्हातारीला हे काय सुचलं, असं मनात आलं असेल. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. पप्पांच्या गुडघ्याची खपली पडली. मोठी म्हैस व्यायली, पारडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. फोन मी दोनदा केला होता, पण तू तिकडून 'बोला आई' म्हटलंस की माझी जीभ भलतीकडेच वळते. जेवलीस का, तुमच्या गल्लीत मिरचीचा ठसका फार आहे का, असलं काहीतरी विचारते आणि ठेवून देते. तीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं लिहिली. लिहायला बसलं की मला पळता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा माझा लेक, तुझा धर्मेंद्र, सुरतेहून आला होता. तू एक तारखेपासून नंदुरबारला तुझ्या मामांच्या साड्यांच्या दुकानात बसणार, असं सांगत होता. आणि यापुढे पान्याला हात लावणार नाही, असंही म्हणालीस म्हणे. तो हे वरणावर लिंबू पिळता पिळता बोलला आणि माझा घास हातातच राहिला. अगं, रस्त्याकडच्या खोलीला शटर बसून दोन महिने झाले. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी दुकान उघडायचं, मोटरच्या सायकली दुरुस्त करायच्या, हे तूच ठरवलं होतंस ना? यात्रा महिन्यावर आली. तुझी ती लाल पेटी पलंगाखाली होती तिथेच आहे. रोज तिच्यावरची धूळ पुसते, उघडत मात्र नाही.

खरं सांगते, लग्नात ती पेटी तुझ्याबरोबर आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. बायका रुखवत बघायला आल्या, मी हौसेनं झाकण उघडलं, तर आत पाने, पकडी आणि ग्रीसचा डबा! स्टेशनजवळच्या सायकलवाल्याची मुलगी, तिच्याकडून दुसरं काय येणार, असं मी शेजारच्या पार्वतीबाईजवळ बोललेसुद्धा. तुझ्या कानावर गेलंच असेल, पार्वतीबाईच्या पोटात काय राहतं! पण पहिल्याच महिन्यात तू माझं शिवणयंत्र उघडून बसलीस. वीस वर्षं ते खडखडत होतं, तू ते कसं गप्प केलंस देव जाणे. मग चाराकुट्टीचं मशीन, मग वरच्या टाकीची मोटर. मी एकदाही शाबास म्हटलं नाही. आमच्यात सुनेला तोंडावर चांगलं म्हणत नाहीत, डोक्यावर बसते म्हणतात. मलाही माझ्या सासूनं कधी म्हटलं नाही. पण तू कामाला बसलीस की मी ओसरीवर मुद्दाम तांदूळ निवडायला घ्यायची, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? तेच तांदूळ तीन तीनदा निवडलेत मी.

पप्पांच्या सायकलीचं तर काय बोलावं. धर्मेंद्रनं बॅटरीची मोटर लावून दिली आणि सहासष्टाव्या वर्षी यांना मिसरूड फुटलं. दोन कॅन लटकवून दुधाला निघाले की मागे वळून बघायचे नाहीत. वेग वाढला, वजन वाढलं, पण ब्रेक तोच राहिला, हे आम्हा तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मागच्या उसाच्या हंगामात हमरस्त्याच्या उतारावर ब्रेक दाबूनही सायकल थांबेना. समोरून ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि हे चपला घासत घासत जाऊन बाभळीत घुसले. अंगभर काटे घेऊन घरी आले आणि हसत होते! घरात हसलो नाही ते मी आणि तू. हात पुसलेस, टेप घेतलीस आणि पुढच्या चाकापाशी जाऊन बसलीस.

आम्हाला वाटलं, काम तासाभराचं. ब्रेकची लहान चकती काढायची, मोठी लावायची. एकशेसाठ मिलिमीटरची जाऊन एकशेऐंशीची येणार, फरक काय तो दोन सेंटिमीटरचा. करणसिंग वेल्डर तर आपण होऊन आला, म्हणाला की खाच जरा घासून देतो, चकतीला दाबून धरणारा कॅलिपर वर सरकवून एक टाका मारतो, चहा होईस्तोवर काम फत्ते. पप्पा खुश. तू मात्र पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरची धूळ पुसून तिथला बारीक आकडा त्यांना वाचून दाखवलास. हा चिमटा एकशेसाठपर्यंतच्याच चकतीचा जोर सोसेल, पुढचं बनवणाऱ्यानंच नाही म्हटलंय. मोठ्या चकतीनं सायकल थांबेल, पण ते सगळं ओढणं या चिमट्यावर येईल, आणि तो मोडला तर ब्रेक चांगला असून उपयोग काय? हे तू इतक्या सरळ सांगितलंस, की करणसिंगही मान डोलावून गेला. आमचे हे मात्र रुसले. नवीन चिमटा यायला बारा दिवस लागले. बारा दिवस तू त्यांना मोटर लावू दिली नाहीस, किल्लीच काढून तांदळाच्या डब्यात टाकलीस. मला ठाऊक होतं कुठे आहे ती. रोज तोच तर डबा घेऊन बसत होते मी! तरी यांना सांगितली नाही, आणि वरून तुलाच टोमणे मारत राहिले, की एवढ्या दिवसांत बाई लेकरू जन्माला घालून मोकळी होते.

बसवायच्या दिवशी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. चकतीवर बाणाची खूण असते आणि ती चाकाच्या दिशेनंच लागते, हे मला त्या दिवशी कळलं. सहा बोल्ट. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग पुढचा, मग त्याच्या समोरचा. एकदम घट्ट एकही नाही, थोडं थोडं, सगळ्यांना सारखं. माझी आई अशीच सगळ्या लेकरांना एकेक घास फिरवून भरवायची. ताकदीचा आकडा दाखवणारा तो लांब पाना तू वडिलांकडून मागवलास. हाताच्या अंदाजावर पप्पांचा जीव टांगणार नाही म्हणालीस, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तांदळात खडे शोधत बसले. कॅलिपर मोठ्या चकतीशी नीट जुळावा म्हणून त्याच्याखाली त्याच मापाचा तुकडा लावलास. चाक फिरवून, कान लावून, कुठे घासतंय का ऐकलंस. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी, ती वायर दहादा दाबून पाहिलीस. काम झाल्यावर चकती स्पिरिटनं पुसलीस आणि घरात जाहीर केलंस, की आता हिला कोणी बोट लावायचं नाही.

आणि लगेच चालवायला दिलीस? छे! आधी पाटाच्या सपाट रस्त्यावर तू स्वतः पंचवीस वेळा वेग घेतलास आणि हळूहळू कमी केलास, कॅलिपरमधले पॅड आणि चकती एकमेकांना ओळखू देत म्हणून. मग कॅनमध्ये पाणी भरून. मग शाळेच्या मैदानावर पप्पांची शाळा. गावातल्या अर्ध्या लोकांची कामं त्या दिवशी मैदानापाशीच निघाली होती. मागचा ब्रेक आधी, मग पुढचा हलका, अंग मागे, मूठ एकदम आवळायची नाही, नाहीतर सायकल थांबेल आणि तुम्ही पुढे जाल. सासऱ्याला असं शिकवणारी सून मी तरी बघितली नव्हती. डोक्यावरचा पदरही ढळला नाही आणि आवाजही ढळला नाही. हे तुझ्यासमोर नववीतल्या पोरासारखे हो हो करत होते. त्या दिवशी मला कोणीतरी विचारावं, ही कोणाची सून, असं फार वाटत होतं. मेलं कोणी विचारलंच नाही, सगळ्यांना माहीतच होतं.

शेवटी तू त्यांच्याकडून तो नियम कबूल करून घेतलास. रोज निघण्याआधी फाटकात मोटर बंद ठेवून, सायकलीच्या बाजूला उभं राहायचं, आधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची, मग मागचा. चाक हललं तर त्या दिवशी सायकल घरात. पप्पा म्हणाले, मंदिरात जाताना घंटा वाजवतात तसं झालं हे. पण चुकले नाहीत एक दिवस. पार्वतीबाई चेष्टा करायची, की सुनेनं सासऱ्याला फाटकात रोज कवायत लावली.

आता दसरा. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून चार पानं लांबवत आणलं, तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला आठवतो तसाच मी लिहिते. सकाळी अंगणात सगळी अवजारं मांडली होती. विळे, कुऱ्हाड, पहार, जुन्या नांगराचा फाळ, आणि यंदा पहिल्यांदाच सायकल. तू आत पुरण वाटत होतीस. मी पूजा केली, हँडलला झेंडूची माळ घातली. संध्याकाळी गल्लीभर माणसं, सोनं देणारे घेणारे, आणि पप्पा नवं धोतर नेसून दुधाला निघाले. फाटकात थांबले, मोटर बंद, पुढचा ब्रेक दाबला, ढकलली. आणि सायकल थांबलीच नाही. भरलेल्या कॅननी तिला उताराला ओढलं, यांनी सोडली नाही, दोन पावलं फरफटले आणि निंबाच्या पारावर गुडघ्यावर पडले. कॅन सांडला. आपट्याच्या पानांवरून दूध वाहत गेलं.

तुझे हात पुरणाचे होते. तशीच धावत आलीस. आधी पप्पांचा गुडघा बघितलास, मग सायकल. पॅड काढलेस, नाकाशी नेलेस, आणि तुझा चेहरा उतरला. तेल, एवढंच म्हणालीस. मग घराकडे वळून विचारलंस, चकतीला कोणी तेल लावलं का? मी म्हटलं, आम्ही कोण बाई हात लावणार तुझ्या यंत्राला! तू खाली बघितलंस. आदल्या संध्याकाळी तू ब्रेकच्या तारेत तेलाचा फवारा मारला होतास, तेच ओघळून आलं असणार, माझंच चुकलं, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. पप्पांचा गुडघा ठणकत होता, ते तोंडाला येईल ते बोलले, मोठी चकती, मोठी फजिती. पार्वतीबाईला तर तेवढंच हवं होतं. 'सूननं मोठा ब्रेक बसाडा, नी सासराले पाडा,' हे अजून गल्लीत चालू आहे. तू पेटी बंद केलीस. दिवाळीला माहेरी गेलीस, भाऊबीज झाली, आणि परत येण्याचं नावच नाही.

मी मात्र तेव्हापासून तो उतार रोज बघते. फाटकात न थांबता पप्पा तसेच निघाले असते, तर दोनशे पावलांवर हमरस्ता आणि उसाच्या ट्रॉल्या. ब्रेक गेला हे ट्रॉलीसमोर कळण्याऐवजी फाटकात कळलं. गुडघा फुटला, माणूस घरी आलं. सगळे म्हणाले दिपालीचा ब्रेक फसला. दिपालीच्या नियमानं माणूस वाचलं, हे एकानंही म्हटलं नाही. मी म्हणायला हवं होतं. सगळ्यांत आधी मीच म्हणायला हवं होतं.

दिपाली, तेल मी लावलं. त्या सकाळी फाळ पुसला, कुऱ्हाड पुसली, आणि तीच तेलाची चिंधी घेऊन तुझी चकती दोन्ही बाजूंनी निगुतीनं पुसली, फिरवून फिरवून, एक भोक सोडलं नाही. दसऱ्याला लोखंडाला तेल देतात, नाहीतर वर्षभर गंजतं, हे मला आईनं शिकवलेलं. तू बोट लावू नका म्हणालीस, म्हणून बोट लावलं नाही, चिंधीनं लावलं, इतकी मी शहाणी! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुझ्या कामाचं तोंडानं कौतुक करायला मला जमत नव्हतं, म्हणून म्हटलं पूजेत तरी करावं. घरातल्या कुठल्याच अवजाराला इतक्या मायेनं तेल लावलं नव्हतं मी. तू पॅड नाकाशी नेलेस तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी चारचौघांत माझी लाज राखायला मी ते वाक्य बोलले, आणि तुझी घालवली. तीस वर्षं लेकरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं ती मी. हे काल मी आधी पप्पांना सांगितलं. ते गुडघा चोळत म्हणाले की हे मला सांगून भागणार नाही, जिथे बोललीस तिथे सांग. म्हणून आज सकाळी दुधाच्या वेळेला त्याच पारावर उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं, पार्वतीबाईचं नाव घेऊन सांगितलं. चिंधी पाकिटात घातली आहे, माझ्या हिरव्या लुगड्याची, वास घेऊन बघ. तुझ्या हातून काही ओघळलं नव्हतं. तुझे हात चोख आहेत, बाई, माझ्या बघण्यात असे हात दुसरे नाहीत, आणि ते साड्यांच्या घड्या घालण्यात गेले तर ते पाप माझं. नवे पॅड धर्मेंद्रनं आणून ठेवलेत, खोकं फोडलेलं नाही. करणसिंग बसवून देतो म्हणाला, पप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. सध्या ते एकेक कॅन हातात घेऊन पायी दूध नेतात. पण फाटकात आले की अजून थांबतात, आणि रिकामी मूठ एकदा आवळून बघतात.

तुझीच, शाबास म्हणायला तीन वर्षं उशीर केलेली,
आई